थेंब गळला तर

म्हसवडच्या बाजारात त्या काळी नुसता माल चांगला असून भागत नसे. गिऱ्हाईक माणदेशी. आधी मालाला हात लावणार, मग वास घेणार, मग नावं ठेवणार, आणि 'घरात इचारून येतो' म्हणून जे जाणार ते पुढच्या बाजारालाच उगवणार. अशा माणसाला दुकानापुढं थांबवायचं म्हणजे काहीतरी तमाशा करावाच लागे, आणि प्रत्येकाचा तमाशा ठरलेला असे. नांगराच्या एजंटाने लोखंडी नांगर तेल लावून चकचकीत करून उभा केलेला असायचा. 'मूठ तर धरून बघा, त्याचं पैसं पडत न्हाईत,' असं तो येईल त्याला सांगायचा, आणि लोक खरोखरच मूठ धरून, मान हलवून पुढं जायचे. सांगलीहून चहाची मोटार यायची. लोक रांग लावून फुकटचा चहा प्यायचे, मिशा पुसायचे आणि पुडी न घेताच पांगायचे. ताकदीच्या गोळ्या विकणारा नाथाजी कर्ण्याचा फोनो लावायचा. तपकीरवाल्या लालासाहेबांना मात्र यातलं काहीच लागत नसे. ते पलटणीतून जमादार होऊन पेन्शनीत आलेले गृहस्थ. चिमूटभर तपकीर ओढून अशी शिंक द्यायचे की बैलबाजारातली जनावरं माना वळवून बघायची. तीच त्यांची जाहिरात.

पण या सगळ्यांना सोडून लोक कोंडाळं करत ते घोंगडीवाल्या बिराप्पापुढं.

बिराप्पा धनगर. बाजारापासून दोन-तीन कोसांवरच्या वाडीत त्याचा माग होता. तट्टावर घोंगड्या लादून तो यायचा, कमरेएवढ्या चार मेखा ठोकायचा आणि त्यांना एका काळ्याभोर घोंगडीचे चार कोपरे झोळीसारखे बांधायचा. झोळीखाली चाळलेली पांढरी राख पसरायचा. मग दोन घागरी पाणी त्या घोंगडीत ओतायचा आणि कानावर हात ठेवून आरोळी द्यायचा:

"या रं या! आभाळ फाटू द्या, ही फाटायची न्हाई! पानी वर, राख खाली! राखंवर थेंब गळला तर नवी घोंगडी फुकाट घेऊन जावा!"

लोक वाकून वाकून राख बघायचे. कुणी खाली बोट लावून बघायचा. थेंब काही गळायचा नाही. दिवस कलेपर्यंत पाणी वरच हिंदकळत राही आणि खालची राख जशीच्या तशी कोरडी. तेवढ्यात चार-सहा घोंगड्या खपून जायच्या. आरोळ्या देऊन देऊन बिराप्पाचा घसा असा बसायचा की घरी गेल्यावर तो बायकोशी खुणेनंच बोलायचा. बनाबाई गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवायची आणि म्हणायची, "आज बाजार बरा झालेला दिसतोय."

ती मेखांची घोंगडी विकायची नव्हती. ती जावळाची होती. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. त्या लोकरीसारखी मऊ आणि दाट लोकर पुन्हा त्या मेंढराच्या अंगावर येत नाही. ती कोकरं तात्याबानं राखली होती. तात्याबा हा बिराप्पा-बनाचा एकुलता एक पोरगा. लोकर बनाबाईनं कातली, बिराप्पानं विणली आणि पोराच्या लग्नात त्याच्या खांद्यावर टाकायची म्हणून ठेवली. तोवर नुसती घडी करून ठेवून कसर लागण्यापेक्षा बाजारात लोकांना दाखवू, म्हणून ती मेखांना चढली आणि चढली ती चढलीच.

आता खरं सांगायचं तर जाहिरात म्हटली की तिला थोडं खोटं लागतंच. घोंगडी पाणी धरते हे खरं. पावसात गुराख्याचं डोकं कोरडं ठेवते हेही खरं. पण दिवसभर दोन घागरी पाणी झेलायचं तर तिला खळ लागते. चिंचोके भाजून, दळून, शिजवून केलेली ती चिकट खळ कुंच्याने अंगभर दिली आणि उन्हात वाळवली की घोंगडी ताठ होते, तिची भोकं बुजतात. दोन-चार बाजार झाले की खळ धुऊन जाते. मग पुन्हा द्यायची. हे सगळ्या घोंगडीवाल्यांना ठाऊक होतं आणि गिऱ्हाइकाला कुणीच सांगत नसे.

बेचाळीस साल सरत आलं आणि बाजारात भरतीची मोटार आली. तिचाही तमाशाच होता. पुढं बँडवाले, मागं हसऱ्या शिपायाचं चित्र लावलेला फळा, आणि एक हवालदार बूट दाखवतोय, वर्दी दाखवतोय, रोज मटण मिळतं म्हणून सांगतोय. घोंगडीवाल्यानं निदान थेंब गळला तर फुकट देतो असं म्हटलं होतं. भरतीवाल्यांनी तसं काही म्हटलं नाही. तात्याबा पाण्याच्या रिकाम्या घागरी हातात घेऊन ऐकत उभा राहिला, आणि घागरी खाली ठेवून जो रांगेत शिरला तो नाव लावूनच परत आला. वय वीस. अंगात रग. माणदेशाबाहेर काय आहे ते बघायची हौस. आईबापांनी काय सांगायचं आणि त्यानं काय ऐकायचं!

मोटार पुढच्या बाजाराला पोरं घेऊन निघाली. बनाबाईनं मेखांची घोंगडी सोडायला घेतली. "ही घेऊन जा. थंडीवाऱ्याचा मुलूख असंल."

"आये, सरकार ब्लँकेट देतंय की," तात्याबा हसला. "आन ही नेली तर आबा बाजारात काय दावनार? त्यांचं तोंड?"

लोक हसले. बिराप्पाही हसला. मोटार हलायला लागली तशी बनाबाई फळीला धरून चालू लागली आणि तिच्या डोळ्याला धार लागली. तेव्हा पोरानं वरून वाकून तिला म्हटलं, "आये, रडू नगं. त्या घोंगडीतनं थेंब गळला तरच माझी काळजी कर. तवर मी झक्कास हाय म्हनून समज."

बोलून गेला आपला. विसरूनही गेला असेल पुढच्या वळणावर. पण आईनं ते बोलणं पदराला गाठ मारून ठेवलं.

त्याच संध्याकाळी घरी आल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "आजपासनं त्या घोंगडीला खळ लावायची न्हाई."

"अगं, मग ती पानी कसं धरंल?"

"जावळाची हाय. आपल्या अंगानं धरंल. खळ लावली तर मला खरं कसं कळायचं?"

बिराप्पानं तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मान हलवली. बायकोपुढं मान हलवणं सोपं असतं. पण बाजारात थेंब गळला तर एक घोंगडी फुकट जाणार, ती बाब वेगळीच. चारचौघांत नाव जाणार, आरोळी खोटी पडणार. दोन बाजार त्यानं धीर धरला. तिसऱ्या बाजाराला घोंगडीचं पोट दमट लागायला लागलं. दुसऱ्या दिवशी बनाबाई मेंढरं घेऊन माळाला गेल्यावर त्यानं गुपचूप खळ शिजवली, घोंगडीला दिली, वाळवली आणि भांडं राखेनं घासून पालथं घातलं. हे त्यानं नेहमीचंच करून टाकलं. बायकोला फसवतोय असं त्याला वाटलं नाही. धंदा करतोय असं वाटलं.

बनाबाई आता दर बाजाराला यायला लागली. पूर्वी ती लग्नसराईतच काय ती यायची. आता ती राख स्वतः फडक्यानं चाळून आणायची, स्वतः पसरायची आणि मेखेला टेकून बसायची. गिऱ्हाइकाकडे तिचं लक्षच नसायचं. लोक घोंगडीतलं पाणी बघायचे, ती राख बघायची. संध्याकाळी राख कोरडी राहिली की सगळा बाजार मारल्यासारखी उठायची. परतीच्या वाटेवर तिच्या तोंडाला खळ नसे: वरकुट्याची एक मुलगी बघून ठेवलीय, नाकीडोळी बरी आहे, तात्याबा आला की पहिल्याच मुहूर्तावर उडवून देऊ. घसा बसलेला बिराप्पा मुकाट्यानं तट्टू हाकत ऐकायचा. शेजारचे लालासाहेबही तिला पलटणीतल्या गोष्टी सांगायचे. तात्याबाचं पत्र आलं की तेच वाचून दाखवायचे, आणि पत्र नसलं तरी ती दिसल्याबरोबर दुकानातून ओरडायचे, "वैनी, काय म्हनतोय आपला शिपाई?"

"राख कोरडी हाय जमादार!" ती म्हणायची. दीड साल असं गेलं.

चव्वेचाळीसच्या जेठात, ऐन बाजारात, पोस्टाचा माणूस बिराप्पाला शोधत आला आणि त्याच्या हातात तार देऊन गेला. बिराप्पाला वाचता येत नव्हतं. समोर कोंडाळं उभं होतं, आरोळी अर्धी झाली होती. बनाबाई मीठ आणायला बाजाराच्या पार त्या टोकाला गेली होती. तो तसाच तार घेऊन लालासाहेबांच्या दुकानात शिरला.

लालासाहेबांनी तार वाचली. पुन्हा वाचली. मग तपकिरीची डबी उचलली, उघडली नाही, परत ठेवली.

"बिराप्पा, बस खाली गड्या."

"वाचा की."

"आधी बस."

तो बसला नाही. लालासाहेबांनी त्याचा हात धरला आणि सांगितलं. इटलीत. डोंगरात. बस, एवढंच लिहिलं होतं. सरकारला दुःख झाल्याचंही पुढं लिहिलं होतं.

बिराप्पानं हात सोडवून घेतला. मग म्हणाला, "ही तुमच्यापाशीच ठेवा. तिला सांगू नगा. मी सांगतो." आणि बाहेर आला. बनाबाई मिठाची पुडी घेऊन येऊन बसली होती. राखेकडे बघत होती. राख पांढरीशुभ्र होती. त्यानंच तर तीन दिवसांपूर्वी खळ दिली होती.

"कुटं गेलता?" तिनं विचारलं.

"तपकीर ओढायला."

त्यावेळी सांगायला हवं होतं. त्यालाही ते कळत होतं. पण ती वर बघून हसली. घरी गेल्यावर सांगू म्हटलं, घरी गेल्यावर उद्या सांगू म्हटलं. असे उद्या उद्या करत आषाढ गेला, श्रावण आला. पोरगा परमुलखातल्या डोंगरात पडला होता, त्याची घोंगडी इथं बाजारात पाणी झेलत होती, आणि बाप दर चार-आठ दिवसांनी चोरासारखी खळ शिजवत होता. आता धंद्यासाठी नाही. एक घोंगडी फुकट गेली काय, दहा गेल्या काय, त्याला त्याचं काही राहिलं नव्हतं. थेंब गळला तर बना मरेल, एवढंच त्याला दिसत होतं.

आरोळी देताना त्याचा आवाज मध्येच तुटायचा. 'थेंब गळला तर' इथंवर यायचा आणि पुढचं गिळून टाकायचा. लोकांना वाटलं, म्हातारा होत चालला. नाथाजीचा फोनो जास्त गिऱ्हाईक खेचायला लागला. बनाबाई नेहमीसारखी मेखेला टेकून बसायची. एक बरं झालं होतं: वरकुट्याच्या मुलीचं नाव तिनं आपसूकच काढायचं बंद केलं होतं. बिराप्पाला वाटलं, तेवढं तरी बिरोबानं वाचवलं.

भादव्यात पितर आले. वाडीत घरोघरी म्हाळ घातले जायला लागले. बनाबाईनं बिराप्पाच्या बापाचा म्हाळ घातला. भात केला, आमटी केली, वडे तळले. पान घेऊन बिराप्पा अंगणात उभा राहिला. कावळा आला, घास उचलून उडून गेला. बाप जेवला. आणि मग बिराप्पाच्या मनात आलं की पोरगा उपाशी आहे. त्याचा दहावा झाला नाही, तेरावा झाला नाही, त्याच्या नावानं कुणी घास ठेवला नाही. सगळ्यांचे पितर आपापल्या अंगणात जेवून चाललेत आणि तात्याबा बापाच्या दारात ताटकळत उभा आहे, आणि बाप त्याला ओळखच देत नाही. त्याला पुढं उभं राहवेना. तो तसाच गोठ्यात जाऊन तट्टाच्या मानेवर डोकं ठेवून रडला.

सांगणं त्याच्यानं होणार नव्हतं. हे त्याला आता पुरतं कळून चुकलं होतं. पण पोरगा जाताना सांगायची एक रीत लावून गेला होता. घोंगडीलाच सांगू दे, असं त्यानं ठरवलं.

बाजार दोन दिवसांवर होता. बनाबाई मेंढरं घेऊन गेल्यावर तो घोंगडी घेऊन ओढ्यावर गेला. रिठ्याच्या पाण्यात ती भिजवली, दगडावर आपटली, पिळली, पुन्हा भिजवली. दोन वर्षांची खळ पांढुरकी होऊन ओढ्यातून वाहून गेली. एक टोपलंभर तरी निघाली असेल. घोंगडी हळूहळू मऊ होत गेली आणि तिचं जावळ त्याच्या हाताला लागलं, कोकराच्या पाठीसारखं. ती तोंडाला लावून तो ओढ्यात बसून राहिला. मग बाभळीवर वाळत घातली, घडी केली आणि घरी आणून नेहमीच्या जागी ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याला लोकर बघायला पलीकडच्या वाडीला जावं लागलं. दिवे लागायच्या वेळी परत आला तर बनाबाईनं सगळा माल बांधून तयार ठेवला होता.

बाजारादिवशी आभाळ निरभ्र होतं. त्यानं मेखा ठोकल्या. बनाबाईनं राख चाळून आणली होती, ती पसरली. हातानं सारखी केली. कोपरे बांधताना त्याचं निम्मं लक्ष तिच्याकडेच होतं. घोंगडी कशी लागतेय हाताला, हे बघायचं त्याला भानच नव्हतं. त्यानं एक घागर ओतली. दुसरी ओतली. आणि कानावर हात ठेवला.

"या रं या..."

पुढचं त्यानं कसं म्हटलं ते त्याचं त्याला माहीत. लोक जमले. तो लोकांकडे बघतच नव्हता. आता पहिला थेंब पडेल, राखेत एक काळा ठिपका उमटेल, बना तो बघेल. आपण लगेच खाली बसायचं, तिला धरायचं. लालासाहेबांना त्यानं सकाळीच सांगून ठेवलं होतं. ते दुकानाच्या दारात उभे होते, डबी हातात, आणि त्या दिवशी शिंक नव्हती.

थेंब पडला नाही.

ऊन वर आलं. दोन घोंगड्या खपल्या. राख कोरडी. लोक वाकून बघत होते, बोट लावत होते, माना हलवत होते. 'काय माल हाय गड्या!' असं एक जण म्हणालासुद्धा. दुपार झाली. बिराप्पाला कळेना. रिठ्यानं धुतलेली, अंगातली सगळी खळ निघून गेलेली घोंगडी दोन घागरी पाणी कशी धरते? तात्याबाच धरून बसलाय की काय तिला, असं वेडंविद्रं त्याच्या मनात आलं. गर्दी जरा पांगली तसा तो खाली वाकला आणि घोंगडीच्या पोटाला त्यानं हात लावला.

घोंगडी ताठ होती. खरखरीत. हाताला चिकट लागलं. त्यानं बोटं नाकाशी नेली. चिंचोक्याचा वास.

तो तसाच वाकलेला राहिला आणि त्यानं हळूच बनाबाईकडे बघितलं. ती मेखेला टेकून बसली होती. हात मांडीवर होते. नखांच्या कडांना वाळलेली खळ होती, पांढरी, पापुद्र्यासारखी. तिनं हात पदराखाली घेतले नाहीत.

"बना," तो म्हणाला.

"कालच्याला मी दिली," ती म्हणाली. राखेकडेच बघत. "सकाळी घोंगडीला हात लावला तर मऊ लागली. कळलं मला तुमच्या मनात काय हाय ते."

"तुला... कवा कळलं?"

"जेठातल्या बाजाराला. त्या दिशी तुमी घरला आलासा आन तुमचा घसा बसला नव्हता. मी गुळाचा खडा देऊ केला, तुमी म्हनला, 'नगं, बरा हाय.' इतक्या वरसात बाजारावरनं येऊन तुमी कवा असं बोलला न्हाई." ती थांबली. "आन जमादार. त्या दिवसापासनं त्यांनी मला एकदा बी इचारलं न्हाई, शिपाई काय म्हनतोय म्हनून."

दुकानाच्या दारात लालासाहेबांनी मान खाली घातली.

"मग बोलली का न्हाईस?" बिराप्पाचा आवाज फुटला. "आगं, मी एकला... खळ लावून लावून..."

"ठावं हाय की. पयल्यापासनं ठावं हाय. जल्म गेला माझा खळ शिजवन्यात. चिंचोक्याचा वास मला कळायचा न्हाई व्हय? मीच नगं म्हनले हुते खळ, आन तुमी लावत हुता, ते बी मला बरंच वाटायचं." ती आता त्याच्याकडे बघू लागली. तिचे डोळे कोरडे होते, त्या राखेसारखेच. "तुमी सांगितलं न्हाई तवर मला रडायला लागनार नव्हतं. काल वाटलं, ह्यो एवडा बाजार जाऊ द्या. एवडा एकच. राख कोरडी बघून एकदाच घरला जाऊ, मग फुडच्या बाजाराला तुमी काय बी करा."

बिराप्पा तिच्यापुढं राखेशेजारी उकिडवा बसला. पलीकडे नाथाजीचा फोनो चालू होता. नांगराचा एजंट कुणाला तरी मूठ धरायला सांगत होता. चार महिने दोघं एका घरात, एका चुलीपाशी, एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत जेवले होते.

"पोरगा उपाशी हाय गं," तो शेवटी म्हणाला. "दारात उभा हाय. पितरं चालली समदी जेवून."

बनाबाईनं डोळे मिटले. मग ती उठली, आपल्या बाजूच्या मेखेपाशी गेली आणि तिनं कोपऱ्याची गाठ सोडायला घेतली. सुंभ पाण्यानं फुगलं होतं, गाठ सुटेना. बिराप्पानं पुढं होऊन हात लावला. दोघांनी मिळून ती सोडली. कोपरा खाली आला आणि दोन घागरी पाणी एकदमच राखेवर पडलं. पांढऱ्या राखेचा काळा चिखल झाला आणि तो बनाबाईच्या पायांवरून पुढं वाहत गेला. ती त्यात तशीच उभी राहिली.

तेवढ्यात गर्दीतून एक गडी पुढं आला. लांबच्या गावचा असावा. खांद्यावर पडशी, पायाला धूळ. त्यानं पूर्वी कधीतरी बिराप्पाची आरोळी ऐकलेली असणार. त्यानं ओली राख बघितली आणि त्याचे डोळे चमकले. "गळली की रं!" तो मोठ्यानं ओरडला. "ए घोंगडीवालं, राख भिजली! गळली ना? बोला, गळली का न्हाई? थेंब गळला तर फुकाट म्हनला हुता न्हवं?"

चार लोक हसत पुढं सरकले. लालासाहेब दुकानातून धावत खाली उतरले, त्या गड्याला बाजूला घ्यायला. बिराप्पानं हात करून त्यांना थांबवलं. तो ढिगाकडे गेला, वरची नवी घोंगडी उचलली, झटकली, नीट घडी केली आणि त्या गड्याच्या हातात दिली.

"व्हय पावनं," तो म्हणाला. "गळली."

हे त्यानं इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तोंडानं म्हटलं. आणि ते ऐकल्यावर बनाबाईनं ओल्या राखेत बसकण मारली, जावळाची घोंगडी दोन्ही हातांनी छातीशी ओढून घेतली आणि पोराच्या नावानं हंबरडा फोडला. नाथाजीनं फोनोची सुई उचलली. घोंगडी घेतलेला गडी तिथंच उभा राहिला. ती काखेला मारावी की परत ठेवावी, हे त्याला कळेना.